वर्ग आवरत नसेल तर शाळेने शिक्षकाला मदत कशी करायची

‘त्या बाईंच्या वर्गात फार गोंधळ असतो’ हे वाक्य एकदा स्टाफरूममध्ये रुळलं की पुसायला वर्ष लागतं. बाई मदत मागणं बंद करतात, वर्गाचं दार लोटून घेतात, आवाज चढवतात आणि जानेवारीपर्यंत घसा बसवून घेतात. मुलांना हे कळत नाही असं समजू नका. वह्यांचे गठ्ठे घेऊन स्टाफरूमच्या दारात तीच उभी असतात.

हा मजकूर मुंबईतल्या मराठी शाळांचे मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि जुने-जाणते शिक्षक यांच्यासाठी आहे. दोन अधिवेशनं (सकाळची आणि दुपारची शाळा), अपुरी जागा, वरच्या वर्गांत साठ-साठ मुलं आणि मैदानाच्या नावाने दोन बसगाड्या मावतील एवढं अंगण, अशी ज्यांची शाळा आहे त्यांना तो जास्त उपयोगी पडेल. मूळ मुद्दा असा की वर्गातला बराच गोंधळ वर्गात तयारच होत नाही. तो जिन्यात, वेळापत्रकात, ऑफ तासाला (शिक्षक गैरहजर म्हणून रिकाम्या राहिलेल्या तासाला) आणि मधल्या सुट्टीत तयार होतो आणि वर्गात येऊन सांडतो. तेवढा भाग एकट्या शिक्षकाला कधीच आवरता येणार नाही. म्हणून आधी शाळेने आपलं घर आवरायचं आणि मग शिक्षकाच्या वर्गात पाऊल टाकायचं.

आधी पाच दिवस मोजा

साधी दोनशे पानी वही घ्या. सोमवार ते शुक्रवार, वर्गाबाहेर काढलेलं किंवा ऑफिसमध्ये पाठवलेलं प्रत्येक मूल त्यात नोंदवा. शिवाय पर्यवेक्षकाने रोज तीन वेगवेगळ्या वेळी पॅसेजमधून दोन मिनिटं चालत जायचं आणि ज्या वर्गात काम थांबलेलं दिसेल त्याची नोंद करायची. रकाने चारच: इयत्ता-तुकडी, कितवा तास, तासाची सुरुवात-मध्य-शेवट यांपैकी काय, आणि नेमकं काय झालं. शिक्षकाचं नाव लिहायचं नाही. नाव आलं की ती वही आरोपपत्र होते आणि बुधवारपासून कोणी खरं लिहीत नाही. मुलाच्या नावाऐवजी हजेरीपटावरचा क्रमांक लिहा.

शनिवारी वही घेऊन बसलात की नोंदी कुठे गोळा झाल्यात ते दिसतं. त्या मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, तास बदलताना किंवा शेवटच्या तासाला जमल्या असतील तर दोष वेळापत्रकात शोधा. एकाच तुकडीत सगळ्यांच्या तासाला गोंधळ असेल तर बसण्याची व्यवस्था बघा, आणि जूनमध्ये तुकड्या पाडताना काय झालं तेही बघा. एकच क्रमांक सगळ्यांच्या तासाला येत असेल तर त्या मुलाला रागावण्याआधी फळा दिसतो का, ऐकू नीट येतं का, सकाळी पोटात काही गेलंय का, हे विचारा. फळा न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत बघतं आणि आपण त्याला ‘बोलतोस’ म्हणून उठवतो. आणि नोंदी वेळापत्रकाशी ताडल्यावर, तास, तुकडी काहीही असो, एकाच शिक्षकाच्या वर्गात काम थांबलेलं दिसत असेल, तर त्या शिक्षकाला हाताशी माणूस लागणार आहे. त्याकडे पुढे येऊ.

चार मिनिटांचा हिशेब

माध्यमिकला तास 35 मिनिटांचा. घंटा झाली, सर दुसऱ्या मजल्यावरून निघाले, स्टाफरूममध्ये वह्या ठेवल्या, पुस्तक घेतलं, तळमजल्यावरच्या वर्गात पोचले. चार मिनिटं गेली. दिवसात आठ तास धरले तर असे सात बदल, म्हणजे 28 मिनिटं साठ मुलं मोकळी. जवळजवळ एक अख्खा तास रोज कोणाच्याच ताब्यात नाही. त्यानंतर जे सर येतात त्यांचा पहिला शब्द ‘शांत बसा’ हाच असणार.

यावर उपाय वेळापत्रक करतानाच करायचा असतो. एका शिक्षकाचे लागोपाठचे तास शक्यतो एकाच मजल्यावर लावा. गणित-विज्ञानाला आठवड्यात एक-दोन जोडतास द्या, तेवढे बदल कमी होतात. तास संपायच्या दोन मिनिटं आधी एक छोटा टोल द्या, म्हणजे फळा पुसणं, गृहपाठ सांगणं घंटेनंतर रेंगाळत नाही. पुढच्या वर्गाचं साहित्य सकाळीच पिशवीत असावं, मध्ये स्टाफरूमची वारी नको.

‘पुढचे शिक्षक येईपर्यंत आधीच्यांनी वर्ग सोडायचा नाही’ असा नियम काही शाळा काढतात. ऐकायला छान आहे, पण सगळ्यांनी एकदम पाळला तर सगळेच आपापल्या वर्गात एकमेकांची वाट बघत उभे राहतात. हा नियम पाचवी ते सातवीपुरता ठेवा. आठवीपासून पुढे वर्गप्रमुखाला काम द्या. प्रत्येक विषयशिक्षकाने सोमवारी आठवड्याचे प्रश्न एका चिठ्ठीवर त्याच्याकडे द्यायचे, आणि घंटा झाली की त्याने पुढच्या विषयाचा एक प्रश्न फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहायचा. उत्तर वहीत, दोन ओळींत. शिक्षकांनी आल्या आल्या तीन वह्या बघायच्याच. आठवडाभर कोणी बघितलं नाही तर प्रश्न लिहिला जाईल आणि मुलं त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत.

मधली सुट्टी हा दुसरा मोठा झरा. मजल्यावर दोन नळ, एक मुलींचं आणि एक मुलांचं स्वच्छतागृह, त्यात खिचडीची रांग. सुट्टी वीस मिनिटांची असेल तर शेवटच्या मुलाचं हात धुणं घंटेनंतरच होणार, आणि ते उशिरा आलं म्हणून पाचव्या तासाला बाहेर उभं राहणार. सुट्टी दोन पाळ्यांत पाडा, खालचे वर्ग दहा-पंधरा मिनिटं आधी सोडा. खिचडी मजल्यावरच वाढा, सगळ्या शाळेची एक रांग अंगणात लावू नका. पाचव्या तासाची पहिली तीन मिनिटं शिकवायचंच नाही असं ठरवून टाका. पाणी प्यायचं, पंखे लावायचे, वही काढायची, एक उतारा मनात वाचायचा. तीन मिनिटं गेल्याचं दुःख करू नका, एरवी दहा जातात.

अधिवेशनं बदलण्याची वेळ तर प्रत्येकाने डोळ्यांनी बघितलेलीच आहे. सकाळचं अधिवेशन 12.20 ला सुटतं, दुपारचं 12.30 ला भरतं आणि जिना एकच. खाली येणारे आणि वर जाणारे मधल्या वळणावर भेटतात. दहा मिनिटांचा फरक अपुरा आहे, पंधरा-वीस करता आला तर करा. नसेल जमत तर सकाळचे वर्ग वरच्या मजल्यापासून, मजल्यामागे दोन मिनिटं धरून सोडा आणि शेवटचा वर्ग खाली येईपर्यंत दुपारच्या मुलांना जिन्यावर घेऊ नका. पावसाळ्यात त्यांना उभं करायला कोरडी जागा कोणती हे जूनच्या पहिल्या आठवड्यातच ठरवा. छत्र्या आणि रेनकोट वर्गात गेले की फरशी ओली, वह्या ओल्या, आणि पुढचा अर्धा तास ‘बाई, याने पाणी उडवलं’. पॅसेजमध्ये खिडकीच्या गजांना दोरी बांधून रेनकोट तिथेच अडकवायचे.

एकच खोली वापरणाऱ्या सकाळच्या आणि दुपारच्या वर्गशिक्षकांची अनेकदा एकमेकांशी ओळखही नसते. ओळख असते ती तक्रारींची: ‘दुपारच्या पोरांनी तक्ता फाडला’, ‘सकाळचे बाक वाकडे ठेवून जातात’. दाराच्या मागे खिळ्याला एक जोडवही अडकवा. जाताना एक ओळ लिहायची: ‘तिसऱ्या बाकाचा पाय हलतो, कोणाला बसवू नका.’ ‘उजव्या भिंतीचा तक्ता आमचा, पुढच्या शुक्रवारपर्यंत राहू द्या.’ फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने चौकट आखून तेवढा भाग एकमेकांचा पुसायचा नाही. एवढ्याने भांडणं बरीच कमी होतात, आणि खोली कोणाचीतरी आहे हे मुलांना कळतं.

ऑफ तासाबद्दल थोडक्यात. वही नीट भरली असेल तर सगळ्यात जास्त खुणा इथेच सापडतील. प्रत्येक इयत्तेसाठी झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा करा. त्यात जुने किशोर अंक, कोडी, एका पानाचे उतारे, वर्गाच्या पटापेक्षा पाच जास्त. ऑफ तासाला जाणाऱ्याने नवं काही शिकवायचं नाही, डबा उघडायचा. कोणाला किती ऑफ तास लागले याचा तक्ता स्टाफरूमच्या भिंतीवर लावा. बहुतेक शाळांत नाही म्हणता न येणाऱ्या दोन-तीन जणांच्याच माथी ते येतात, आणि नेमकं त्यांच्याच वर्गाबद्दल मग बोललं जातं.

आणि लोकल बंद पडण्याचा दिवस. विरार, कल्याण, बदलापूरहून येणारे शिक्षक अडकले की अठरापैकी सहा जणांवर शाळा असते. त्या दिवशी सकाळी सात वाजता विचार करत बसायला नको. कोणते वर्ग कुठे एकत्र बसतील, चाव्या कोणाकडे, पालकांना निरोप कोण देणार, हे एका पानावर लिहून ऑफिसच्या कपाटाच्या दारावर चिकटवा. पाचवी आणि नववी एकत्र बसवू नका.

वर्गात जाताना

आता तो शिक्षक, ज्याच्या वर्गात काम थांबलेलं दिसत होतं. आपल्याकडे ‘पाठ निरीक्षण’ म्हटलं की टाचणवही, शेरा आणि गोपनीय अहवाल एवढंच डोळ्यांसमोर येतं. मदतीसाठीच्या भेटी त्यापासून पूर्ण वेगळ्या ठेवा, तसं आधी तोंडाने सांगा आणि पाळा. या भेटींतलं एक अक्षरही अहवालात जाता कामा नये. एकदा गेलं की पुढच्या वेळी तुम्हाला वर्ग दिसणार नाही, बसवलेलं नाटक दिसेल.

दोन आठवड्यांत तीन भेटी, प्रत्येकी दहा-बारा मिनिटांच्या, तासाच्या सुरुवातीला. शिक्षकाच्या आधी वर्गात जाऊन बसा, मागच्या बाकावर, भिंतीकडे. मुलांशी बोलू नका. आणि काहीही झालं तरी शिक्षकाच्या वतीने मुलांना दटावू नका. तुमच्या एका नजरेने वर्ग चिडीचूप होतो हे खरं आहे, पण त्याच क्षणी साठ मुलांना कळतं की इथे खरा अधिकार कोणाचा. तुम्ही बाहेर पडलात की त्याची किंमत बाईंना मोजावी लागते.

कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे शिक्षक काय बोलले, काय केलं. उजवीकडे मुलांनी काय केलं. कडेला वेळ. विशेषणं नकोत. उदाहरणार्थ:

8.05: बाई फळ्याकडे वळून लिहू लागल्या. | पहिल्या दोन रांगा लिहितायत.
8.06: लिहितायत. | खिडकीकडची रांग, तिसरा-चौथा बाक, बोलणं सुरू.
8.08: न वळता ‘शांत बसा’, चार वेळा. | पहिल्यांदा थांबले. चौथ्यांदा कोणी वर बघितलं नाही.
8.09: वळून एकाला उभं केलं, दीड मिनिट बोलल्या. | बाकी सगळे बघत बसले. लिहिणं थांबलं.

हा कागद बोलका आहे. ‘वर्गावर पकड नाही’ हा शेरा बाईंच्या काही कामाचा नाही. फळ्यावर एका दमात तीन मिनिटं लिहिण्याऐवजी दोन ओळी लिहून वळायचं, किंवा मजकूर तास सुरू होण्याआधी लिहून ठेवायचा, हे मात्र उद्या सकाळी करता येतं. अमेरिकेतल्या जेकब कौनिन या संशोधकाने 1970 च्या सुमारास वर्गांच्या चित्रफिती बघून हेच मांडलं होतं: मुलांनी खोडी केल्यावर शिक्षक काय करतात यात फारसा फरक नसतो. फरक असतो तो खोडी होण्याआधी, सगळ्या वर्गावर लक्ष असण्यात आणि काम खंडित न होण्यात.

त्याच दिवशी दहा मिनिटं बोला, ऑफिसच्या टेबलापलीकडून नको, त्यांच्याच रिकाम्या वर्गात. आधी त्यांना विचारा, ‘तुम्हाला कुठे अडकल्यासारखं वाटलं?’ मग कागद दोघांनी मिळून वाचा आणि एकच गोष्ट निवडा. दोन निवडल्या की एकही होत नाही. पुढच्या भेटीत फक्त तीच बघा, बाकी कितीही खटकलं तरी बोलू नका. यासाठी जिभेवर ताबा लागतो, आणि पर्यवेक्षकांना तो शिक्षकांपेक्षा अवघड जातो.

कोणती गोष्ट आधी घ्यायची? तासात जी सगळ्यात आधी येते ती. वर्गात शिरणं विस्कटलेलं असेल तर प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर बोलून उपयोग नाही.

सवय शिकवावी लागते

तपासलेल्या वह्या वाटणं हे साधं काम घ्या. साठ वह्या, दोन मुलं नावं वाचत वर्गभर फिरतायत, ‘बाई, हा आज आला नाहीये’, कोणीतरी वही फेकली, कोणीतरी झेलली. घड्याळ लावून बघा, सहा-सात मिनिटं सहज जातात. याऐवजी गोळा करतानाच वह्या रांगेप्रमाणे घ्यायच्या: शेवटच्या बाकावरून पुढे, प्रत्येकाने आपली वही वर ठेवायची. पाच रांगा, पाच गठ्ठे, प्रत्येकाला रबरबँड. तपासताना क्रम मोडायचा नाही. परत देताना गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवायचा, वरची वही आपली, बाकीचा गठ्ठा मागे. गैरहजर मुलाची वही त्याच्या बाकावरच ठेवायची, मागे सरकवायची नाही. तिथेच क्रम बिघडतो. नीट बसलेल्या वर्गात हे काम दीड-दोन मिनिटांत होतं.

पण जूनमध्ये एकदा सांगितलं आणि झालं, असं होत नाही. पहिल्या दिवशी का करायचं ते सांगा, एका रांगेकडून करून दाखवा, मग सगळ्यांकडून, घड्याळ बघत. पुढचे चार दिवस रोज. गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा, कारण अर्धा वर्ग गावाहून चार दिवस उशिरा आलेला असतो. दिवाळीनंतर पुन्हा. ‘एवढी मोठी झाली तरी सांगावं लागतं’ असं वाटेल. सांगावं लागतं.

शांत होण्याची खूण संपूर्ण शाळेची एकच असावी. पातळ भिंतींच्या किंवा पार्टिशनच्या शाळेत टाळ्यांचा ठेका नको, शेजारचा वर्गही टाळ्या वाजवायला लागतो. हात वर करणं पुरतं: शिक्षकाने हात वर केला की बघणाऱ्याने आपला वर करायचा, बोलणं थांबवायचं. नेहमीची चूक अशी की साठपैकी पन्नास शांत झाले की शिक्षक बोलायला लागतात. उरलेले दहा जण त्या दिवशी शिकतात की खूण आपल्यासाठी नाही. साठावा गप्प होईपर्यंत थांबा. पहिल्या आठवड्यात एक मिनिट लागेल, तिसऱ्या आठवड्यात दहा सेकंद.

सूचना एका वेळी एकच. ‘पुस्तकं काढा, पान 43 उघडा, आकृती बघा आणि वहीत तारीख घाला’ यात चार कामं आहेत, आणि साठ मुलं चार वेगवेगळ्या ठिकाणी असतात. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजेपर्यंत कोणाचंही नाव घेऊ नका. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. शाळा रुळांना लागून असेल तर गाडी जाईपर्यंत सरळ थांबा. लोकलशी ओरडण्याची स्पर्धा आजवर कोणी जिंकलेली नाही.

बाक मांडताना दोन अरुंद वाटांपेक्षा एक रुंद वाट बरी, मात्र शिक्षकाला प्रत्येक मुलापासून दोन पावलांवर जाता आलं पाहिजे. भिंतीला लागलेल्या ज्या रांगेत बाई वर्षभर गेल्याच नाहीत, तिथेच वर्षभर गप्पा चालतात. दर महिन्याला रांगा बदला, आणि पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीकडचे बाक एक हात सरकवा.

शिक्षा

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई केली आहे, आणि असं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. उठाबशा, कोंबडा, छडी हे सगळ्यांना माहीत असतं. घरावरून, जातीवरून, भाषेवरून, थकलेल्या फीवरून साठ जणांसमोर बोलणंही यातच येतं, हे मात्र स्टाफ मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवावं लागतं.

वर्गाबाहेर उभं करण्याने काय होतं तेही बघा. ज्याला बाहेर जायचंच होतं त्याला हवं ते मिळतं, आणि जो लाजतो त्याचा तास बुडतो. सगळ्या वर्गाचा पीटीचा तास कापणं त्याहून वाईट. सहा जणांसाठी साठांना शिक्षा, आणि ज्यांच्या घरात हात पसरायला जागा नाही त्यांचा हलण्या-धावण्याचा एकमेव तास गेला.

त्याऐवजी पायऱ्या ठरवा आणि सगळ्या शिक्षकांनी त्याच वापरा. आधी शिकवणं न थांबवता त्या बाकाजवळ जाऊन उभं राहा. मग हळू आवाजात नाव आणि काम: ‘रोहन, तिसरं गणित.’ मग बाकाशी वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल असं: ‘आत्ता हे पूर्ण कर, घंटा झाली की दोन मिनिटं माझ्याशी बोल.’ आणि ती दोन मिनिटं खरंच बोला. चौथी पायरी पर्यवेक्षक, पाचवी पालक. चौदा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर माघार घेता येत नाही. त्याला माघार घ्यायला जागा ठेवली तर तो बहुतेक वेळा घेतो. सांडलं तर पुसायचं, मोडलं तर शिपाईमामांबरोबर उभं राहून दुरुस्त करू लागायचं. दंड नको, तो आई भरते.

शिक्षकाचाही तोल जाण्याचा क्षण येतो. त्यासाठी प्रत्येक टेबलाच्या खणात एक पिवळं कार्ड ठेवा. ते मुलाकरवी शेजारच्या वर्गात किंवा ऑफिसमध्ये पाठवलं की कोणीतरी पाच मिनिटं वर्गात येऊन उभं राहील, शिक्षक पाणी पिऊन येतील. कार्ड का पाठवलं हे त्या दिवशी विचारायचं नाही. पहिलं कार्ड एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाने वापरलं तर बाकीचे वापरतील, नाहीतर कार्डं खणातच पडून राहतील. आणि एवढं करूनही हात उचलला गेला तर लपवू नका. पालकांना शाळेकडूनच, त्याच दिवशी कळायला हवं. लेखी नोंद करा, नियमाप्रमाणे जे असेल ते करा, पण स्टाफसमोर त्या शिक्षकाचा पंचनामा करू नका.

काही गोष्टी शिस्तीच्या नसतातच. मूल लैंगिक त्रासाबद्दल काही सांगत असेल तर ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे ही माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपण आपली चौकशी करू’ हा मार्ग कायद्यात नाही. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर, मुलांच्या उंचीवर लावलेला असावा.

स्टाफरूममधली भाषा

मुलं एकमेकांना ‘जाड्या’, ‘काळ्या’, ‘भैया’ म्हणतात याची तक्रार करण्याआधी स्टाफरूममध्ये मुलांना काय म्हटलं जातं ते ऐका. ‘ड तुकडीतले ते चार’ हे नावही त्यातलंच. मुलाचा उल्लेख नावाने, एवढाच नियम महिनाभर पाळून बघा.

मुंबईत मराठी शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी पुस्तकातली मराठी बोलत नाहीत. कित्येक आगरी-कोळी, मालवणी घरांत मोठ्या माणसांनाही ‘तू’च म्हणतात. ‘बाई, तू काल आली नव्हतीस’ हे उद्धटपणाचं वाक्य नाही, आपुलकीचं आहे. ‘बाई, तुम्ही आला नव्हता, असं म्हण’ इतकं हसून सांगितलं की पुरे.

पालकांना पहिला फोन तक्रारीसाठी जाऊ नये. जुलैमध्ये वर्गशिक्षकाने रोज दोन फोन केले तर महिन्याभरात सगळा वर्ग होतो: ‘तुमच्या मुलीने आज परिपाठात बातम्या छान वाचल्या.’ पुढे तक्रारीचा फोन करावा लागला तर तो ऐकला जातो. ‘पालकांना आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही’ हे बंद करा. चार घरी कामाला जाणाऱ्या आईचा त्यासाठी खाडा होतो, आणि मूल त्या दिवशी शाळेत नाही तर रस्त्यावर असतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणत्याही मुलाचं नाव घेऊन तक्रार टाकायची नाही, उशिरा आल्याचीसुद्धा. पहाटे पाचला येणारं पाणी भरून मग शाळेला निघणारी मुलं आजही आहेत.

नव्या शिक्षकांच्या बाबतीत आपल्या शाळा फारच कठोर वागतात. शिक्षणसेवक किंवा तासिका तत्त्वावर आलेल्या माणसाला सगळ्यात अवघड तुकडी आणि शेवटचे तास मिळतात, कारण जुन्यांनी आपले आधीच निवडलेले असतात. पहिले सहा आठवडे तरी हे उलटं करा. पहिले दोन आठवडे ऑफ तास नाही. त्याच मजल्यावरचा एक जोडीदार शिक्षक. आठवड्यातून एक तास दुसऱ्याचा वर्ग बघायला मोकळा, आणि बघायला पाठवताना ‘छान शिकवतात, बघा’ असं मोघम न सांगता ‘वह्या कशा वाटून देतात तेवढंच बघा’ असं सांगा. निवडणुकीच्या कामावर कोणी गेलं की तो मोकळा तास सगळ्यात आधी कापला जातो. तो कापू नका, पर्यवेक्षकांनी स्वतः एक ऑफ तास घ्यावा.

दिवाळीनंतर दुसऱ्या आठवड्यात तीच दोनशे पानी वही पुन्हा काढा आणि पुन्हा पाच दिवस मोजा. आकडे स्टाफ मीटिंगमध्ये तासांप्रमाणे मांडा, शिक्षकांप्रमाणे नाही. पाचव्या तासाच्या नोंदी पहिल्या मोजणीइतक्याच असतील तर कोणाच्या वर्गात जाण्याआधी खिचडीच्या रांगेत जाऊन उभे राहा.